पट्ट्यावरचा हार

पिंकीचा पदर मशीनने ओढला, त्याच दिवशी मिस्त्री पंजाबरावाने मशीनपुढे नारळ फोडला. मेडशीजवळच्या त्या डाळमिलमध्ये इलाज म्हणजे एवढाच. पदर जुना होता, टरकन फाटला, म्हणून पोरगी वाचली. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी मागं कधीतरी साफसफाईसाठी काढली, ती परत बसलीच नाही. फाटकापाशी चौकीदार तिच्याखाली कोंबड्या झाकायचा. सगळ्यांना दिसायचं. कुणाला काही वाटायचं नाही.

"मशीनले भूक होती, शांत झाली," पंजाबराव खोबरं वाटत म्हणाला.

"माही सून चारा हाय का रे तुह्या मशीनचा?" भागिरथा कडाडली. पिंकी तिची सून. दोघी एकाच मशीनवर तूर टाकायच्या. "आमी बौद्ध, आमच्या घरी नारळ फुटत नाही. मशीनले जाळी पायजे, खोबरं नाही!"

फाटक्या लाल पदराच्या तिने चिंध्या केल्या. उघड्या पट्ट्याच्या खांबाला एक, उघड्या वायरीच्या डब्याला एक, माळ्यावरच्या फुटक्या फळीला एक.

"जिथं चिंधी, तिथं मरण," ती बायांना म्हणाली. "दुरुस्त झाल्याबिगर सोडाची नाही. अन् गाठ सोडन तेच, जे तिथं राबते."

पंजाबराव दोनदा चिंध्या उपटून गेला. बायांनी दोनदा परत बांधल्या.

खंडेनवमी आली. मशिनी धुतल्या, कुंकू लागलं. शेठ पाहुण्यांना घेऊन आला आणि चिंध्या पाहून भडकला.

"हे काय भिकारडं लावून ठेवलं? काढा!"

कुणी हललं नाही. वेल्डिंग करणारा फुलसिंगसुद्धा हाताची घडी घालून उभा.

"काहून रे फुलसिंग?"

"माहे हात बी तिथंच असतात, शेठ."

शेठने झेंडूचा जाड हार उचलला आणि उघड्या पट्ट्यासमोर लोंबता बांधला. "घ्या, झाकला तुमचा पट्टा! चालू कर, पंजाबराव."

पाहुणे हसले. भागिरथाने पिंकीला मागे ओढलं, बाकीच्यांनाही सरकवलं. "मांगं सरा, शेठ. उपरणं आवरा."

शेठ कुरकुरत एक पाऊल सरकला. मशीन घरघरलं. हाराचं टोक चाकाला लागलं मात्र, डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खा हार गायब! शेठच्या टोपीवर, तोंडावर झेंडूचा चुरा उडाला. त्याने उपरणं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हसणं बंद.

"तो हार होता, शेठ," भागिरथा म्हणाली. "त्या दिवशी पिंकीचा गळा होता."

तिनेच मेन स्विच खाली ओढला आणि त्यापुढे ठाण मांडून बसली. "आता जाळी बसल्यावरच उठन मी."

शेठने टोपी झटकली. पाहुण्यांकडे पाहिलं नाही. "पंजाबराव, तोंड काय पाहून राह्यला? जाळी आण!"

पंजाबराव फाटकाकडे धावला. कोंबड्या कलकलत गावभर झाल्या, चौकीदार त्यांच्यामागं. फुलसिंगने जाळी बोल्टांनी घट्ट आवळली. भागिरथाने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. तेव्हा कुठं ती बोलली, "सोड, पिंके."

पिंकीने गाठ सोडली. बायांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावर एसटीवाल्याने ब्रेक मारला.

"बाकीच्या दोन?" शेठने विचारलं, भागिरथाला, पंजाबरावाला नाही.

"ते झाल्याबिगर मेन वर जात नाही."

फळी दुपारीच बदलली, वायरीचा डबा संध्याकाळी झाकला. पिंकीने आपली चिंधी फेकली नाही. कमरेला खोचली. उद्या कुठं काही उघडं दिसलं, तर हाताशी असावी.