मागणीची बाटली

ओब्दुलियाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. चर्चला जाऊन आली, पण पाद्री काय बोलले ते विचाराल तर शप्पथ! दुपारी पोरासाठी मुलगी मागायला जायचं आणि बाटलीचा अजून पत्ता नाही. दारात जाऊन रस्ता बघायचा, आत येऊन फोन बघायचा, पुन्हा दारात. घालायचे कपडे तसेच पलंगावर पडलेले.

अरांदास गावात मुलगी मागायला जाताना गोड पाव नेतात, चॉकलेट नेतात, फळांची टोपली नेतात. पण खरा मान टकीलाच्या बाटलीचा. मुलाकडच्यांनी ती मुलीच्या बापापुढे ठेवायची, त्यानं सगळ्यांना ओतायची. त्यानं आपला प्याला तोंडाला लावला की मुलगी दिली. तसाच ठेवला की मुकाट्यानं उठायचं, टोपी डोक्यावर घालायची आणि घरचा रस्ता धरायचा.

आता सगळ्या गावाच्या चारी अंगांना अगावेची, म्हणजे टकीला ज्यातून गाळतात त्या घायपाताची, रानं, आणि ही बाई टकीला मागवते फोनवरून! शेजारची चायो आठवडाभर तोंडसुख घेत होती.

"समुद्रकाठी राहून मीठ पोस्टानं मागवतेस गं बाई," ती म्हणाली. "उद्या आपल्या विहिरीचं पाणीही मागव."

"हसून घे. गावातली बाटली माझ्या हातून बाउदेलियो घेईल का? आमच्याच घरी भरली म्हणेल."

ओब्दुलियाचा नवरा चोन दारू विकायचा. बाउदेलियोच्या मुलीच्या, म्हणजे आज जिला मागायला जायचं त्याच मारिक्रूसच्या, बाप्तिस्म्याच्या जेवणाला त्यानंच बाटल्या पुरवल्या होत्या. नाव मोठं, सील पक्कं, आणि आत उसाचा कसला तरी जहाल अर्क. अर्धा मांडव ओकत सुटला. बाउदेलियोच्या म्हाताऱ्या बापाची नजर गेली ती पुन्हा आलीच नाही. पुढे म्हातारा मेला, चोनही मेला, पण चोनचं नाव काही मेलं नाही. आणि एवढं सगळं असताना चोनच्या पोरानं, उलिसेसनं, जीव लावावा तो नेमका मारिक्रूसवर! देवाला काय, दुसरी पोरगी सापडली नव्हती?

म्हणून ओब्दुलियानं फोनमध्ये डोळे घालून घालून लाल केले होते. शंभर टक्के अगावेची म्हणून लिहिलेलं हवं. नुसतं टकीला लिहिलं असेल तर आत निम्मीशिम्मी भलतीच साखर असते. लेबलावर भट्टीचा नंबर हवा, आणि तो नंबर शोधला तर भट्टी खरोखरच असायला हवी. स्वस्त दिसली की तिला संशय यायचा, महाग दिसली की राग. लोकांनी खाली लिहिलेलं एकूण एक वाचून शेवटी तिनं डोंगरापलीकडच्या एका लहानशा भट्टीची बाटली ग्वादालाहारा शहरातल्या दुकानातून मागवली.

आणि ती आली एकदाची. मोटरसायकलवाल्यानं खोकं हातात दिलं तेव्हा ओब्दुलियानं त्याला आशीर्वाद द्यायचा तो शिव्या दिल्या.

खोक्यातून बाटली निघाली. बुचावर लाल लाख, लेबलावर नंबर, सगळं जिथल्या तिथे. चायोनं मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "लेबल वाकडं आहे गं."

झालं! नको तिथे बोलल्याशिवाय या बाईला घास उतरत नाही.

"लहान भट्टीवाले हातानंच चिकटवतात, आई," उलिसेस म्हणाला. "वाकडं असणारच."

"तुझा बापही हातानंच चिकटवायचा."

पोराचा चेहरा उतरला. तो अंघोळीला निघून गेला, चायो कपडे बदलायला घरी पळाली. ओब्दुलिया एकटी राहिली, ती आणि बाटली. तिनं बाटली हलवून बघितली. फेसाचे मणी काचेला धरून राहिले, लगेच विरले नाहीत. चांगलं लक्षण. पण चोनला मणी धरायच्या युक्त्या येत होत्या. तिनं नंबर पुन्हा शोधला. बरोबर होता. पण नंबर काय, छापता येतो. बाउदेलियोनं घोट घेतला, आणि तो घोट तसलाच निघाला तर? तिनं सुरी घेतली, लाख फोडली, बूच काढलं आणि चार थेंब तळहातावर चोळले.

भाजलेल्या अगावेचा वास आला. गोडसर, जड, मागून मिरीचा. मग घोटभर जिभेवर घेतला. अस्सल! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि मग तिची नजर टेबलावर पडलेल्या लाखेच्या तुकड्यांवर गेली.

"अगं बाई, हे काय करून बसले मी!"

फोडलेली बाटली. बाउदेलियोच्या दारात. चोनच्या बायकोच्या हातात.

उलिसेस केस पुसत बाहेर आला आणि तिथेच थिजला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. दुसरी बाटली आणायला वेळ नव्हता. त्यानं लाखेचे तुकडे गोळा केले, वाटीत टाकले आणि चुलीकडे वळला.

"काय करतोस?"

"वितळवतो. परत बसवतो. कुणाला कळणार नाही."

ओब्दुलियानं वाटी त्याच्या हातातून अशी हिसकावली की तुकडे घरभर उडाले. "याच चुलीवर," ती म्हणाली, "याच चुलीवर तुझा बाप हेच करत बसायचा. आणि मी कांदा चिरत बघत उभी असायची. नको रे पोरा. लग्न मोडलं तर मोडू दे."

गेले तसेच. पाव, चॉकलेट, फळं, चायो आणि फुटकी लाख.

बाउदेलियोनं सगळ्यांना बसवलं, हवापाणी विचारलं. मग बाटली उचलली. गळ्यावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा थांबला.

"ओब्दुलियाबाई, हे फुटलंय."

"मी फोडलं."

"का?"

"भरवसा वाटेना."

"माझा?"

"बाटलीचा. खरं सांगू का, आमच्या नावाचा. तुमच्या तोंडाला लागायच्या आधी म्हटलं आपण बघावं."

स्वयंपाकघराच्या दारात मारिक्रूस उभी होती. तिची आई एप्रनला हात पुसायचे विसरून तशीच उभी. बाउदेलियोनं एकच प्याला भरला, काठोकाठ, आणि ओब्दुलियापुढे सरकवला.

"मग इथेही आधी तुम्हीच."

तिनं तो एका दमात संपवला. बाउदेलियोनं बूच लावलं आणि हाताची घडी घालून बसला. बिर्रियाचा, मसालेदार मटणाचा, वास घरभर सुटला होता, पण वाढायला कुणी उठेना. सगळं घर ओब्दुलियाच्या तोंडाकडे बघत होतं.

"घाम येतोय का गं?" चायो कुजबुजली.

"तू गप बस."

घाम येत होता. पोटात ढवळत होतं, आणि ते भीतीनं की आणखी कशानं, तिला कळेना. अस्सलच होती ना? की आपल्याच जिभेनं आपल्याला फसवलं? समोरच्या भिंतीवर संतिणीच्या चित्राचं कॅलेंडर होतं. ती त्यावरची अक्षरं वाचायला लागली. दिसतात. पुन्हा वाचली. दिसतात. मान वळवली तर बाउदेलियो तिच्या डोळ्यांकडेच बघत होता.

"काय लिहिलंय तिथे?" त्यानं विचारलं.

"सांता एदुविहेस. आणि खाली..." तिनं मान पुढे केली. "खाली, जनावरांची जंतांची औषधं वाजवी दरात मिळतील."

मारिक्रूसला हसू आवरेना. ती तोंड दाबून आत पळाली. बाउदेलियो हसला नाही.

"त्या रात्री बापाला मी हेच विचारलं होतं," तो म्हणाला. "काय लिहिलंय तिथे, बाबा? तर तो म्हणाला, कुठे?"

ओब्दुलियाला रडू फुटलं. इतकी वर्षं या घरासमोरून जाताना ती मान खाली घालायची. आज पहिल्यांदाच तिनं मान वर ठेवून रडून घेतलं. बाउदेलियोनं तिला रडू दिलं. मग बूच काढलं, सगळ्यांचे प्याले भरले, स्वतःचा शेवटी. भिंतीकडे बघत त्यानं तो तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

"मुलगी दिली," तो म्हणाला. "पण लग्नातली टकीला मी आणणार. तुमच्या घरातून थेंब नको."

ओब्दुलियानं नाक पुसलं. "आणा की. पण मी फोडून प्यायल्याशिवाय एकाही पाहुण्याला वाढू द्यायची नाही. सांगून ठेवते."

"बरं," बाउदेलियो म्हणाला, आणि बायकोला जेवणं वाढायला सांगितलं.