जीवरामनानांचं नाक

"नाना, दोरी ओढू ओढू हात गयून गेला माह्या. चालूच होत नही." लीलाधरने गवत कापायचं मशीन खांद्यावरून उतरवलं आणि जीवरामनानांच्या पुढ्यात ठेवलं.

"गेल्या सालचं पेट्रोल तसंच ठेवलं असशीन टाकीत."

लीलाधर ओशाळून हसला. नानांनी जुनं पेट्रोल काढून टाकलं, फिल्टर फुंकला, आपल्या कॅनमधून टाकी भरली आणि दोरी ओढली. मशीनने हूं की चूं केलं नाही.

बोदवडच्या बाजारात मशीन दुरुस्त करणाऱ्या नानांचं नाक प्रसिद्ध होतं. प्लग काढायचा, हुंगायचा आणि मशीनचं दुखणं सांगून मोकळं व्हायचं. पण करोनात ते नाकच गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. त्यांच्या बायकोचं, सुनंदाबाईंचंही तेच. घरात भाजी करपली की शेजारच्या रूपाने ओरडून सांगायचं. बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता. नाना अजून ऐटीत प्लग नाकाशी न्यायचे आणि डोळ्यांनी, बोटांनी काय ते ओळखायचे. पाच वर्षं हे सोंग चाललं होतं. त्याची त्यांना लाज वाटायची, आणि ते उघडं पडायची भीती त्याहून जास्त.

आताही प्लग काढला. ओला होता. नानांनी डोळे मिटून हुंगला.

"पेट्रोल येऊ राह्यलं. ठिणगीच कमजोर हाय."

"तुमचं नाक म्हंजे नाक, नाना!"

नवा प्लग बसला. तरी काही नाही. डोक्यावरचा पंखा थांबला. लाइट गेली होती. दोरी ओढून ओढून नानांच्या काखेत कळ आली.

"चार वाजले. काकूंचा चहा येईन आता," काहीतरी बोलायचं म्हणून लीलाधर बोलला.

शेवटी नानांनी कार्बोरेटर उघडला. आतलं पेट्रोल तळहातावर सांडलं. पेट्रोल हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. हे गेलं नाही. थेंब तळहातावर तसाच बसून राहिला. पाणी होतं ते.

नानांनी कॅनकडे पाहिलं. खायच्या तेलाचा, पाच लिटरचा, पांढरा. नळ आठ-दहा दिवसांनी येतो म्हणून घरात अशाच कॅनची रांग असायची. दुकान पत्र्याचं, तेव्हा पेट्रोलचा कॅन ते रोज रात्री घरी नेत आणि सकाळी परत आणत. त्याच्या मुठीला ओळखीचा लाल दोरा होता. परवा तो तुटला. दोरा कशाला, वासावरून कळतं की, असं चाळीस वर्षांच्या सवयीने मनात आलं आणि नवा बांधायचा राहून गेला.

म्हणजे पेट्रोल घरी होतं. आणि चार वाजता सुनंदाबाई गॅसवर चहा ठेवायच्या.

नानांनी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. फोन टाकून ते दोन गल्ल्या धावले, मागे लीलाधर. धावताना कान एकाच आवाजाच्या भीतीने ताठ झाले होते.

स्वयंपाकघरात अंधार होता. शेगडीवर भरलेलं पातेलं, वर साखर आणि चहापत्ती. शेजारी उघडा कॅन. सुनंदाबाईंनी काडी पेटीवर टेकवली होती.

नानांनी त्यांचं मनगट धरलं. काडी खाली पडली.

"अहो, काय झालं? लायटर पेटूच नही राह्यलं, म्हणून रूपाकडून काडेपेटी आणली मी."

लीलाधर दारातच नाक दाबून उभा होता. "बठ्ठं घर पेट्रोलचा वास मारू राह्यलं, काकू! नाना, तुमाले येत नही?"

पातेलं दोन्ही हातांनी उचलून नाना अंगणात गेले. घाईत निम्मं धोतरावरच सांडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाईकं होती. नानांनी लीलाधरच्या मशीनची टाकी नव्याने भरली, एकदा दोरी ओढून प्लग काढला, सवयीने नाकापर्यंत नेला आणि तिथूनच त्याच्यापुढे धरला.

"तू घे वास. मले येत नही. करोनापासून."

लीलाधरने मान खाली घालून प्लग हुंगला.

"पेट्रोलच हाय, नाना."

दुसऱ्याच ओढीला मशीन सुरू झालं. नानांच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्याला सुनंदाबाईंचा काल न पेटलेला लायटर टांगलेला होता. घरी नवा आणला होता. हा दुरुस्त करायला नानांचा हात काही गेला नाही.