गल्लीच्या तोंडाशी गादीपाट

गादीवाल्या काकूंचं दुकान असं काही दडलेलं होतं, की तिथवर पोचलेला माणूस आधी घाम पुसायचा आणि मग गादीचं नाव काढायचा. मुख्य रस्त्यावरून गल्लीत शिरायचं, दोनदा वळायचं, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून जायचं, की आलं दुकान. काकूंच्या हातची गादी म्हणजे पाठीचे लाड. पण हे पाठीला कळणार कसं? जुनी गिऱ्हाइकं पांगली आणि नवी वाटेतच हरवली. शेवटी लेकीने निक्षून सांगितलं, "आई, आता पुरे. दुकानासाठी भाडेकरू बघितलाय मी. किल्ली त्याला दे आणि माझ्याकडे राहायला चल."

लेक मायेनेच बोलत होती, म्हणून तर काकूंना तिच्याशी धड भांडताही येईना. त्यांनी एवढीच मुदत मागितली: नगरपालिकेने गल्लीच्या तोंडाशी पाटी लावू दिली तर दुकान चालू, नाहीतर किल्ली भाडेकरूची.

नगरपालिकेचा नियम मोठा मजेशीर होता. मुख्य रस्त्यावरच्या दुकानदाराने वाटेल तेवढा फलक लावावा. गल्लीतल्याने फक्त आपल्या दारावर लावावा, म्हणजे ज्याला दुकान सापडलंय त्यालाच ते पुन्हा दिसणार! हा नियम करणारा बहुधा गल्लीत कधी शिरलाच नसावा. काकूंनी अर्ज केला आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांनी लगेच हरकत घेतली. त्यांच्या छपरावर खोलीएवढा चष्मा उभा होता. तो झाकला जाईल, ही त्यांची धास्ती.

फलक समितीच्या अध्यक्षबाईंनी मधला मार्ग काढला. "काकू, जेवढी पाटी हवी तेवढं कोरं कापड आठवडाभर तिथे टांगा. अक्षर नको, चित्र नको. काय झाकलं जातंय ते बघू, मग ठरवू."

आता गादीवालीच्या घरात दुसरं कुठलं कापड असणार? काकूंनी गादीपाट टांगला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते जाड कापड, घरोघरी चादरीखाली गादीवर असतं ना, तेच. खरं सांगायचं तर काकूंच्या मनात कसलाही कावा नव्हता. पण दोनच दिवसांत लोक वर बघायला लागले आणि सगळ्यात जवळच्या दुकानात चौकशी करायला लागले, "गाद्या कुठे करून मिळतात हो इथे?" सगळ्यात जवळचं दुकान चष्मेवाल्यांचं. त्यांचं डोकंच फिरलं.

बैठकीच्या दिवशी काकू लेकीला दुकानात बसवून गेल्या. भाडेकरू त्याच दुपारी किल्ली न्यायला येणार होता.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" चष्मेवाले तावातावाने उठले. "कोरं कापड सांगितलं होतं, यांनी जाहिरात टांगली!"

"पण त्यावर एक अक्षर नाही," एक नगरसेवक म्हणाले.

"अक्षर हवंय कशाला? ज्यांना माझ्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता वाचता येत नाही, त्यांनाही ते रस्त्यापलीकडून कळतं!"

"म्हणजे खूण दिसली की लोकांना दुकान सापडतं, असं म्हणणं आहे तुमचं?" अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं.

"सापडतं म्हणजे? रीघ लागलीय!"

"कापड लहान असतं तर?"

"अहो, टॉवेलाएवढं असतं तरी कळलं असतं!"

सभागृहात हशा पिकला. आपण कुणाची बाजू मांडली, हे चष्मेवाल्यांच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. अध्यक्षबाईंनी तेवढ्यात ठराव मांडलासुद्धा: प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक खांब, त्यावर आतल्या प्रत्येक दुकानाची टॉवेलाएवढी पाटी, सगळ्यांना सारखी.

"उद्या सगळेच मागतील," कुणीतरी कुरकुरलं.

"मागू देत. रस्ता सगळ्यांचाच आहे."

ठराव मंजूर झाला. दाराशी चष्मेवाले काकूंना आडवे आले. "माझा चष्मा झाकला जाणार नसेल तर माझं काही म्हणणं नाही," ते पुटपुटले. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "काकू, माझी पाठ फार धरते हो."

"या उद्या, मस्त कापूस पिंजून देते. भांडण नाही भरत मी गादीत."

काकू जवळजवळ पळतच गल्लीत शिरल्या. दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. गळ्यात टेप, केसांत कापूस अशा अवतारात लेक एका जोडप्याला डबल गादीचं माप समजावत होती आणि मागे आणखी तिघं उभी होती.

"कुठे होतीस, आई? माणसं ताटकळलीत!"

"अगं, भाडेकरू आला होता ना?"

"आला होता. त्याला उभं राहायलाही जागा नव्हती. दुसरीकडे बघ म्हटलं त्याला."

काकूंना आनंदाने रडूच फुटलं. समितीचं काय झालं, हे लेकीने अजून विचारलंसुद्धा नव्हतं.