नापोली हाऊसचा निळ्या काठाचा थाळा

मी नापोली हाऊसचा थाळा बोलतोय. लांबट, पांढरा, इनॅमलचा आणि निळ्या काठाचा. काठाचा एक टवका उडालाय, तिकडे बघू नका. वय झालं की माणसांचेही दात पडतातच की!

माझा जन्म अमेरिकेतला. भट्टीत तापून निघालो, पेंढ्यात गुंडाळला गेलो आणि बोटीच्या पोटात बसून कुवेतला उतरलो. साल असेल छप्पन्न-सत्तावन्न. माझा मालक यूसुफ मूळचा लेबनानचा, पण अमेरिकेत इटालियन जेवणाच्या हॉटेलात उमेदवारी करून आलेला. तेल कंपनीच्या साहेबलोकांसाठी त्यानं अहमदीत, त्यांच्या वसाहतीत, नापोली हाऊस काढलं. ते धो धो चाललं, म्हणून जवळच्या फहाहील गावात दुसरं. दोन्हीकडे तेच लाल चौकटींचे टेबलक्लॉथ आणि तोच टोमॅटोचा रस्सा. मी फहाहीलचा.

माझ्यावर स्पगेटीचा ढीग रचत, म्हणजे लांबच लांब शेवया, त्यांवर लाल रस्सा आणि खिम्याचे कोफ्ते. मी ऐटीत टेबलावर जायचो. पण गोरी माणसं मोठी चमत्कारिक. जो तो चिमट्यानं आपला वाटा उचलून आपल्या बशीत न्यायचा आणि त्या बशीवर राखण करत बसायचा. माझा उपयोग तेवढा ओझं वाहण्यापुरता! मला फार राग यायचा.

मला खरा मान दिला तो कासमनं. कासम दाभोळचा, इथे वेटर. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तो आणि भटारखान्यात काम करणारा त्याचा गाववाला हारून मला जमिनीवर मांडायचे. माझ्यात भात ओतायचे, वर माशाचं कालवण, आणि दोघंही माझ्यातच हात घालायचे. एका थाळ्यात मिळून जेवायचं, ही त्यांच्या गावची जुनी रीत. ज्याची बाजू त्याची, पण चांगला तुकडा गुपचूप समोरच्याच्या बाजूला सरकवायचा. त्या भाताची ऊब मला अजून आठवते.

एकोणसाठ साली कासमची बायको झुलेखा आली, सहा वर्षांच्या सुगराला घेऊन. सुगरा पोटात होती तेव्हा कासम बोटीत चढला होता. तिनं बाप पाहिला तो फोटोत, आणि फोटोतल्या बापाला केस होते. बंदरावर हा टकला माणूस रडत रडत पुढे आला, तेव्हा ती आईच्या पदरामागे लपली.

हे सगळं मला दुपारच्या जेवणात कळायचं. कासमचा घास हातातच राहायचा.

"पोर जेवत नाय रे हारून. मना बावा पन म्हनत नाय. 'तो मानूस' म्हनते."

पोरगी सुकत चालली होती. झुलेखानं निक्षून सांगितलं, येत्या बोटीनं मी हिला घेऊन परत जाते. एकदा गेली की पुन्हा यायची नाही, हे कासमला पक्कं ठाऊक होतं.

यूसुफच्या कानावर ही गोष्ट गेली. तो म्हणाला, "कासम, जुम्मे को फॅमिली लेके आओ. खाना मेरी तरफ से."

कासमनं जीव ओतून टेबल मांडलं. तीन बश्या, तीन काटे, रुमालांचे पंखे. सुगराला उशी घालून खुर्चीवर बसवलं. इतकी वर्षं साहेबांना वाढून त्याला वाटायला लागलं होतं की मान द्यायचा म्हणजे वेगळी बशी द्यायची. घरीही तो लेकीला रोज असंच वाढत होता. झुलेखाला वाटलं, कुवेतची रीत असेल, म्हणून ती बिचारी गप्प.

कासमनं चिमट्यानं माझ्यावरून वाढलं. सुगरानं बशीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"खा गे बाय. शेवया हायत."

"नको मना."

"कित्याला नको?"

सुगरा बोलली आईकडे बघून, पण आवाज सगळ्या हॉटेलात गेला. "हा मानूस मना रोज वेगला ताट देतो. मी काय आजारी हाय?"

दाभोळला वेगळं ताट मिळतं ते गोवर-कांजिण्या झालेल्या पोराला. कासमनं चिमटा खाली ठेवला. झुलेखानं तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली, मला खालून दिसलं नाही.

मग कासमनं बश्या गोळा करून शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, मला तिघांच्या मधोमध ओढलं, बाह्या सरसावल्या आणि हात घातला. पलीकडची मडम काटा हवेत धरून बघत राहिली. बघेना का!

सुगरानं एक शेवई ओढली. "शेवयांत तिखट?" म्हणाली, पण खाल्ली. कासमनं एक कोफ्ता तिच्या बाजूला सरकवला. तो गेला पोटात. दुसराही गेला. तिसरा सरकवला, तर तिनं तो बोटानं परत त्याच्या बाजूला ढकलला.

"बावा, तू खा."

कासमनं तो कोफ्ता लगेच तोंडात टाकला. माझं तर इनॅमल तडकतंय की काय असं वाटलं. त्या बोटीत कासमच्या घरचं कुणी चढलं नाही.

पुढे सुगरा इथल्या शाळेत गेली, फाडफाड इंग्रजी बोलू लागली. यूसुफनं हॉटेल विकलं, नव्या मालकानं मेलामाइनच्या बश्या आणल्या आणि मी अडगळीत गेलो. तिथून कासमनं मला मागून घरी नेलं. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

यंदा, एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, कासमचं बिऱ्हाड कायमचं दाभोळला निघालं. झुलेखानं मला जुन्या साडीत गुंडाळून पेटीत ठेवलं होतं. पेटी बंद करायच्या वेळी सुगरानं मला बाहेर काढलं. पुढच्या बोटीनं हारूनची बायको येणार, दोन मुलगे घेऊन, आणि त्या मुलांना बापाचा चेहराही आठवत नाही. सोळा-सतरा वर्षांची सुगरा मला घेऊन हारूनच्या खोलीवर गेली आणि त्याच्या हातात देऊन म्हणाली, "हारूनचाचा, पयल्या दिवशी पोरांना वेगला ताट देऊ नका."

हारूननं मला बाहीनं पुसलं.

आता मी त्याच्या खोलीत खिडकीशी उभा आहे. कासमच्या घराची फार आठवण येते, खोटं कशाला सांगू? पण ती पोरं यायचीत. रुसलेली येऊ देत, भुकेली येऊ देत. तेवढं काम मला येतं.