तुंगचे दोन मीत

कर्सियांगच्या फलाटावरून गाडी उलटी निघाली आणि देहरादूनच्या पेन्शनर मंडळींनी एकच कालवा केला.

"अगं बाई, मागे चाललीय! ड्रायव्हर झोपला की काय?"

सुनाखरीने कॉलरचा माईक चाचपला आणि नेहमीचं हसू हसून सांगितलं, "घाबरू नका. आमच्या गाडीचं असंच आहे. पुढे जायचं तर आधी थोडं मागे यावं लागतं." हंगामभर ती हेच वाक्य म्हणायची आणि त्यावर दर वेळी हशा यायचा. आजही आला. माणसं घरापासून लांब आली की कशालाही हसतात.

सुनाखरी मुखिया तुंगची. सहल कंपनीत गाईड म्हणून लागून तिला बरीच वर्षं झाली होती. डोंगरातल्या गाड्यांची सहल काढणारी कंपनी. मागच्या वर्षी याच मंडळींनी शिमल्याची गाडी पाहिली होती, यंदा दार्जिलिंगची. सगळे आपलेच लोक, बहुतेक फौजेतून निवृत्त होऊन देहरादूनला घरं बांधून राहिलेले गोरखे आणि त्यांच्या बायका. त्यामुळे आज भाषेची अडचण नव्हती. अडचण एकच, ती म्हणजे या लोकांना सगळं आधीच माहीत असायचं.

शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा घेऊन सुजन राई उभा होता. तो या गाडीचा गार्ड. मंसिरात, म्हणजे पुढच्याच महिन्यात, त्याचं आणि सुनाखरीचं लग्न होतं. प्रवाशांना हे कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, कारण एकदा कळलं की मग कांचनजंगा राहते बाजूला आणि सगळे यांच्याकडेच बघत बसतात.

खिडकीशी हस्तबीर गुरुंग नावाचे एक म्हातारबाबा बसले होते. त्यांची लेक मंजुला शेजारी. ती दर थोड्या वेळाने त्यांच्या तोंडात छुर्पीचा दगडासारखा तुकडा कोंबत होती. याकच्या दुधाचं ते वाळकं चीज चघळताना माणसाला बोलता येत नाही, एवढाच तिचा हेतू. पण तुंग जवळ आलं तसा म्हाताऱ्याने तुकडा काढून सरळ खिशात घातला.

"इथे मी सांधेवाला होतो," तो म्हणाला. "वाफेच्या इंजिनाच्या काळात. दार्जिलिंगची निम्मी गाडी माझ्या हाताने वळलीय."

"बाबा, पुरे."

"काय पुरे? पैसे भरून आलोय, बोलणार. पोरी, तो माईक दे इकडे."

सुनाखरीने हसत माईक दिला. तिथेच चुकलं.

"स्टेशनाच्या कडेला रणधोजचं चहाचं दुकान होतं," म्हातारा सांगू लागला. "असा चहा अख्ख्या डोंगरात नाही. माझा जीव होता त्याच्यावर."

सुनाखरीच्या अंगावर आनंदाने काटा आला. रणधोज मुखिया म्हणजे तिचे बाबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि असं अवचित, परक्या गर्दीत त्यांचं नाव कानावर पडेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. 'बाजे, अहो आजोबा, त्यांची लेक म्हणजे मीच!' असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आणि घूमचा जसमान राई," म्हातारा पुढे म्हणाला, "इंजिनावरचा फायरमन. दोघांचे चेहरे इतके सारखे, की गिऱ्हाईक एकाचे पैसे दुसऱ्याला देऊन जायचं. मीच म्हणालो, देवानेच जोडी लावलीय, तुम्ही मीत लावा. या फलाटावर, माझ्या समोर, दोघांनी एकमेकांना टिका लावला, टोप्या बदलल्या, आणि त्या दिवसापासून मीत झाले."

सुनाखरीचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. जसमान राई म्हणजे सुजनचे बाबा.

"मीत म्हणजे सख्ख्या भावाहून वर," म्हातारा माईकमध्ये ओरडला. "एकाची पोरं ती दुसऱ्याची पोरं. सात पिढ्या सोयरीक बंद!"

"अहो, आम्हाला काय सांगता?" मागून एक जाडजूड आजी करवादल्या. "आम्ही काय विलायतेतून आलोय? माझ्या मीतिनीच्या पोराने माझ्या पोरीकडे नुसतं बघितलं, तर गावाने तोंडात शेण घातलं असतं."

गाडी तुंगात शिरली. बाजार इतका खेटून, की खिडकीतून हात घातला तर टोपलीतला मुळा उचलता यावा. बाबांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. त्याच्या वर, निळ्या पत्र्याच्या घराच्या दारात, सुनाखरीची आमा उभी होती. लेकीची गाडी गेली की ती रोज हात हलवायची. सुनाखरीने आज हात हलवला नाही. उलट ती मान खाली घालून बुटाची नाडी बांधू लागली, आणि तिच्या बुटांना नाडी नव्हती.

"उजवीकडे पाहा, बौद्ध मठ," ती माईक परत घेऊन म्हणाली. उजवीकडे पेट्रोल पंप होता.

पुढचं स्टेशन सोनादा येईपर्यंत तिच्या डोक्यात नुसती खिचडी झाली. म्हाताऱ्याचं काय खरं मानायचं? मंजुलाच कानात सांगत होती, "लक्ष देऊ नकोस गं. बाबांच्या डोक्याचा गुंता झालाय. मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारतात. काल सिलिगुडीला कोलकाता म्हणाले." तेवढ्याने सुनाखरीला धीर आला. तिने आमाला फोन लावला.

"आमा, बाबांचा मीत कोण होता?"

आमा म्हणाली, "कामावर असताना कसले फोन करतेस?"

"नाव सांग ना फक्त."

"मला भात उतरवायचाय," आमा म्हणाली आणि फोन ठेवला. दुपार होऊन गेली होती. या वेळी तिच्या घरात भात कधी शिजत नसे.

आता एकेक गोष्ट डोकं वर काढू लागली. सुजनचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा आमा आठवडाभर बोलली नव्हती. का, ते सांगितलं नाही. मग एक दिवस "कर तुला काय करायचं ते" म्हणून मोकळी झाली. सुनाखरीला वाटलं होतं, जुनं वैर. वेगळ्या राज्याच्या आंदोलनाच्या वेळी रणधोज एका पक्षात गेले होते आणि जसमान दुसऱ्या. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, एवढं तिला माहीत होतं. बाबा तर जसमानचं नावही घेत नसत. बोलायची वेळ आलीच तर 'ते घूमचे' म्हणायचे. किती हा राग, असं तिला वाटायचं.

पण मीत मीताचं नाव घेत नाही. नाव घेणं पाप. आणि राग असलेल्या माणसाला कोणी 'ते' म्हणतं का? तुंगात तर रागावलेली माणसं 'तो' वरही थांबत नाहीत.

तरी तिने मनाला समजावलं, की हा सगळा आपला वेडेपणा आहे. मग तिला सुजनच्या आईचं बोलणं आठवलं. दशईंच्या, म्हणजे दसऱ्याच्या आधी दोघी शेलरोटी तळत बसल्या होत्या. होणाऱ्या सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, "तुझे बाबा गेले ना, त्याच सुमाराला आमच्या म्हाताऱ्याने अळणी जेवायचं खूळ काढलं. म्हणे रक्तदाब. तेराव्यापर्यंत अळणी, चौदाव्या दिवशी लोणच्याची बरणी संपवली." दोघी खूप हसल्या होत्या. मीत मेला की मीताने सुतक पाळायचं, अळणी जेवायचं. त्या माणसाने भांडण मोडलं नाही, दारात आला नाही, पण बायकोच्या नकळत सुतक पाळलं.

सुनाखरीला रडू फुटलं. कशाचं ते तिला कळेना. बाबांचं, की त्या हट्टी जसमानचं, की स्वतःचं?

"ताई, कांचनजंगा कुठल्या बाजूला?" कोणीतरी विचारलं.

"धुक्यात," ती म्हणाली. तुंग सुटल्यापासून तिने सांगितलेली तेवढीच गोष्ट बरोबर होती.

घूमला गाडी बराच वेळ थांबते. मंडळी फोटो काढायला आणि मोमो खायला उतरली. थंडीने नाकं लाल. सुनाखरी फलाटावरून थेट शेवटच्या डब्याकडे गेली. सुजन झेंडा काखोटीला मारून चहा पीत होता.

"काय गं, तोंड असं का? आजीबाईंनी छळलं?"

"सुजन, एक विचारू?"

"हुंड्याचं विचारू नकोस. माझ्याकडे एक शिट्टी आहे, तीही रेल्वेची."

ती हसली नाही. तो तिच्याकडे नीट बघू लागला. तेवढ्यात काठी टेकत हस्तबीर तिथे येऊन उभे राहिले, मागून धापा टाकत मंजुला.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "मगाशी तुंग आलं तेव्हा तू काहीतरी बोलणार होतीस. मी बघितलं. तू इकडचीच ना? रणधोजची एक मुलगी होती म्हणतात. जसमानचा एक मुलगा. रणधोज नि जसमान दोघेही वारले असं मला आता कळलं, त्या मोमोवालीने सांगितलं." त्याने काठी फलाटावर आपटली. "भांडून गेले म्हणे गाढव. मी असतो तर दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली असती. आता त्या पोरांना तरी भेटतो. त्यांना सांगतो, बाबांनो, तुम्ही भाऊबहीण आहात, तुम्ही तरी एकमेकांच्या दारात जा. कोणाची गं तू?"

फलाटावर माणसं होती, धुकं होतं, कुत्री होती. सुनाखरीला काहीच दिसेना. रणधोज मुखियाची, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? शाळेत, रेशनच्या दुकानात, बाबांच्या चितेजवळ, जन्मभर ती तेच सांगत आली होती.

"मी कालिम्पोंगची," ती म्हणाली. "बाबा पदमलाल. फौजेत होते."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग तो सुजनकडे वळला.

"आणि तू रे बाबू?"

आता संपलं, असं तिला वाटलं. सुजनला यातलं काही ठाऊक नाही. तो आपल्या बापाचं नाव छाती काढून सांगणार. फलाटाच्या वरच त्याचं घर होतं, अंगणात त्याच्या आईने वाळत घातलेली गोधडी इथून दिसत होती.

सुजनने चहाचा पेला खाली ठेवला. एकदा सुनाखरीकडे पाहिलं.

"मी मिरिकचा," तो म्हणाला. "बाबा वेलचीच्या मळ्यात होते. इकडचं मला काही माहीत नाही, बाजे."

सुनाखरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

म्हातारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "गंमत आहे," तो पुटपुटला. "नाकं तर अगदी सारखी. मंजुला, यांची नाकं बघ."

"बाबा, गोरख्यांची नाकं सगळी सारखीच असतात. चला, थंडी बाधेल."

"भाऊबहीण का रे तुम्ही?"

"नाही," सुजन म्हणाला. "मंसिरात लग्न आहे आमचं."

म्हाताऱ्याने काठी मंजुलाच्या हातात दिली आणि दोन्ही हात वर करून एक तिच्या डोक्यावर, एक त्याच्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा," तो म्हणाला. "रणधोजच्या पोरीला कधी भेटलात तर सांगा, तुंगचा सांधेवाला येऊन गेला." त्याला काही कळलं होतं की नाही, हे सुनाखरीला कळलं नाही. मंजुलाने त्याला धरून डब्याकडे नेलं.

दोघं तिथेच उभी राहिली. 

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"बाबांनी जाताना सांगितलं. दोन वर्षं झाली."

"आणि तू गप्प बसलास? मला एका शब्दाने..."

"सांगितलं असतं तर तू मला भाऊ मानून दाजू म्हणाली असतीस." त्याने झेंडा उगाच घट्ट गुंडाळला. "तुला कधी कळलं?"

"आत्ता. सोनादाला."

तिने बाबांना भर फलाटावर नाकारलं होतं आणि तिला हलकं वाटलं होतं. त्या हलकं वाटण्याचीच तिला भयंकर लाज वाटत होती, आणि तरीही सुजनचा हात धरावासा वाटत होता. तिने तो धरला नाही. सोडलाही नाही, कारण धरलाच नव्हता. असं सगळंच विचित्र होऊन बसलं होतं.

इंजिनाने शिट्टी दिली. मंडळी मोमोचे द्रोण फेकून डब्यांत चढू लागली. सुजनने झेंडा उलगडला.

"सोनादा म्हणजे तुला नुकतंच कळलंय," तो म्हणाला. "मी दोन वर्षं विचार करतोय."

"मग काय ठरलं तुझं?"

"काही नाही," सुजन म्हणाला. "लग्नाची तारीख ठरली."