पुरे म्हणेपर्यंत

माझ्या भाचीला मी 'पुरे' म्हणायला कधी शिकवलंच नाही. सात वर्षांची होती तेव्हापासून मी तिला मैदानावर पळवतेय. पाय काटकुळे, म्हणून नाव पडलं काडी. एकदा धापा टाकत "पुरे, आत्या" म्हणाली, तर मी तिला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. पुन्हा तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मी ते चारचौघांत मिरवायचे.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मांडी सुकायला लागली. फिजिओबाईंनी विजेचं यंत्र दिलं. मांडीला पट्ट्या चिकटवायच्या, करंट सोडला की स्नायू आपोआप आवळतो. बाई म्हणाल्या, पाय टेकवत नाही तोवर मांडी राखायला हे चांगलं, पण यानं कुणी धावपटू होत नाही, त्याला धावावंच लागतं. एकाच मांडीला, वीस मिनिटं, दिवसाआड. बटण किती फिरवायचं ते यंत्राला कळत नाही. "ही पुरे म्हणाली, की तिथं थांबायचं."

मी मान डोलावली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणं होतं कोण? निवड चाचणी दीड महिन्यावर आली होती. वीस मिनिटांनी एवढं, तर दीड तासानं किती, असं माझं अडाणी डोकं चाललं. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या, सगळीकडे पट्ट्या डकवल्या आणि बटण फिरवत गेले. मांड्या दगडासारख्या टणक होत होत्या. तिनं उशीचा कोपरा दातांत धरला होता. मी तिच्या 'पुरे'ची वाट बघत होते. ते आलं नाही, म्हणून आणखी फिरवलं. वर शाबास माझी वाघीण, असंही म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठवेना. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, स्नायू फुटून रक्तात उतरलेत, किडन्या तुंबल्यात. माझा भाऊ, तिचा बाप, माझ्या हातातली फाईल काढून घेऊन डॉक्टरांमागे गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज तिला तिसऱ्यांदा डायलिसिसला लावलंय. किडन्या पुन्हा चालू होतील की नाही, कुणी छातीठोकपणे सांगत नाही. नर्सनं सुरुवातीलाच बजावलं होतं, पायात गोळे आले तर लगेच सांग, मी मशीन हळू करते. अर्ध्या तासानं मला चादरीखाली तिची पोटरी उडताना दिसली. कपाळावर घाम होता. नर्सनं विचारलं, तर तिनं नुसतं नाही म्हणून मान हलवली.

मी तिच्या उशाशी वाकले. "दुखत असेल तर पुरे म्हण गं माझ्या बाई. हात जोडते तुला."

शर्यतीआधी बघते तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"अजून होईल, आत्या," ती म्हणाली.