शेपटीचा चिमटा

आकाराममामांनी कसबा बावड्यात म्हशींचा गोठा घालून वीस वर्षं झाली, पण कोल्हापूरला ते अजून गोलकीपरच आहेत. फुटबॉलच्या एका फायनलला त्यांनी सलग तीन पेनल्टी अडवल्या होत्या. तेव्हापासून लग्नात, मयतीत, डेअरीच्या रांगेत लोक तेवढंच विचारतात. मामांना त्याचा अगदी वीट आलाय.

धार काढताना तोंडावर बसणारी शेणमाखली शेपटी मात्र त्यांना कधी अडवता आली नव्हती. तीन वर्षं खटपट करून त्यांनी एक चिमटा बनवला. तो शेपटी धरून ठेवतो, म्हशीला दुखत नाही, आणि तिनं जोर लावला की आपोआप सुटतो.

मी पेटंटची कामं करते. चिमटा बघून मी खूश झाले आणि मामांना बजावलं, "अर्ज जायच्या आत याची रचना चारचौघांत दिसली, तर पेटंट विसरा."

"तोंडाला कुलूप," मामा म्हणाले. "एकदा तरी ह्या चिमट्यासाठनं माझं नाव होऊ दे की."

कुलूप गुंडूपाशी उघडलं, चिमट्याचं चित्रही त्याच्या हाती गेलं. गुंडू म्हणजे त्यांच्या संघातला जुना जोडीदार. आमच्या गावात आनंद पोटात राहत नाही, तो थेट फ्लेक्सवर जातो. अर्ज पाठवायच्या दिवशीच सकाळी मामांचा फोन आला, "रोहिणी, घात झाला! गुंड्यानं चौकात फ्लेक्स लावलाय. चिमट्याचं चित्र दिलतं त्यानं छापायला!"

गुंडूला मनात यथेच्छ शिव्या देत मी चौक गाठला. फ्लेक्सवर मधोमध हवेत झेपावलेले मामा, भोवती शुभेच्छुकांची बेचाळीस डोकी, खाली 'शेपटीच्या चिमट्याचे संशोधक'. चिमटा कुठंच नव्हता.

"डोकी बसंनात, म्हणून चिमटा ऱ्हायला," गुंडू मान खाली घालून म्हणाला. "फ्लेक्सवाल्यानं चित्र उघडलंबी न्हाय. पेनल्टीचा फोटो तर काढता येत न्हाय न्हवं?"

"हितंबी गोलकीपरच!" मामांचा आवाज चिरकला.

मला त्यांचं वाईट वाटलं, पण हसू आवरेना. "मामा, रचना चारचौघांत दिसलीच नाही. पेटंट शाबूत आहे!"

मामांनी फ्लेक्सवरच्या झेपावलेल्या स्वतःकडं बोट केलं. "म्हंजे पेनल्टीनंच वाचवलं म्हण की."

मी तिथंच उभ्या उभ्या अर्ज पाठवला. मामांनी गुंडूच्या पाठीत एक दणका घातला आणि मग त्याला घट्ट मिठी मारली.

"पेटंट आलं की दुसरा फ्लेक्स लाव," ते म्हणाले. "त्यावर मी नको, तू नको. नुसता चिमटा, आन् म्हैस."